गणिताची उत्तरपत्रिका : उत्तराचे मोल आणि रीतीचे मोल

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर दिवा आणि डोंबिवली या दोन स्थानकांच्या दरम्यान कोपर हे स्थानक लागते. खालच्या पातळीवरून मुंबई-कल्याणच्या उपनगरी गाड्या धावतात, तर वरच्या पातळीवरून वसई-दिवा मार्ग जातो. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतील या भागात जुने गावठाण आणि नव्या वसाहती शेजारी-शेजारी नांदत आहेत. येथील नोकरदाराचा दिवस गाडीच्या वेळेवर सुरू होतो आणि गाडीच्या वेळेवरच संपतो. घरातील मूल दहावीत असले की मात्र साऱ्या घराचे वेळापत्रक त्या मुलाच्या अभ्यासाभोवती फिरू लागते.

गणिताच्या परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी अशा घरांतून प्रश्नपत्रिका पुन्हा उलगडली जाते. उत्तरे ताडून पाहिली जातात आणि हमखास एक वाक्य ऐकू येते : "रीत बरोबर होती, फक्त हातचा विसरला." त्यावर वडीलधाऱ्यांचा प्रश्नही ठरलेला असतो : "मग गुण मिळतील की जातील?" हा प्रश्न कोपरमधील घरात विचारला जातो, तसाच तो गडचिरोलीच्या आश्रमशाळेतही विचारला जातो. प्रश्न दिसतो लहान. परंतु परीक्षा नेमके काय मोजते, या मोठ्या प्रश्नाशी तो निगडित आहे. सीमारेषेवर असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर त्याच्या उत्तरावर एक संपूर्ण वर्ष अवलंबून असू शकते.

प्रमाणकाविना हिशेब नाही

ग्रामपंचायतीच्या कारभाराशी परिचय असलेल्यांना या प्रश्नाचे स्वरूप समजणे अवघड नाही. पंचायतीने एखाद्या मोरीच्या बांधकामावर अमुक इतके रुपये खर्च केले, एवढा एकच आकडा लेखापरीक्षकासमोर ठेवून भागत नाही. खर्चाची प्रमाणके लागतात. मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी व खोली यांच्या नोंदी लागतात, त्यांचा गुणाकार लागतो आणि दर लागतो. या नोंदींवरून आकडा कसा आला, हे तिसऱ्या माणसाला पडताळून पाहता येते. आकडा बरोबर असूनही नोंदी नसतील, तर आक्षेप निघतो. नोंदी स्वच्छ असून बेरजेत चूक असेल, तर ती बेरीज दुरुस्त करण्यात येते. सारे काम खोटे ठरविले जात नाही.

गणिताच्या उत्तरपत्रिकेतील पायऱ्या म्हणजे विद्यार्थ्याने सादर केलेली प्रमाणकेच होत. शेवटचे उत्तर हा त्याचा निष्कर्ष असतो आणि पायऱ्या हा त्या निष्कर्षाचा पुरावा असतो. परीक्षकाने निष्कर्ष आणि पुरावा दोन्ही तपासावेत, हेच न्यायाचे आहे. म्हणूनच रीतीला दिलेले गुण ही विद्यार्थ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. परीक्षेला ज्याचे मोजमाप करावयाचे असते, त्याचाच तो एक भाग आहे.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. इ. स. 1114 मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी उपपत्तीचे, म्हणजे रीत का बरोबर आहे हे दाखविण्याचे, महत्त्व स्पष्टपणे सांगितले आहे. उपपत्ती न जाणणाऱ्या गणकाला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. त्यांच्या 'लीलावती'वर कोकण किनाऱ्यावरील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 1545 मध्ये 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. तिचा विशेष असा की, तीत रीतींच्या उपपत्ती दिलेल्या आहेत. उत्तर तर 'लीलावती'त होतेच. ते का खरे आहे, हे सांगणे टीकाकाराला आवश्यक वाटले.

उत्तर बरोबर, पण रीत चूक

केवळ उत्तर पाहून गुण दिल्यास काय घडते, हे एका छोट्या अपूर्णांकावरून दिसून येते. 16/64 या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्यावयाचे आहे. एका विद्यार्थ्याने अंशातील 6 आणि छेदातील 6 यांवर काट मारली व 1/4 असे उत्तर लिहिले. उत्तर अगदी बरोबर आहे. रीत मात्र सर्वस्वी चुकीची आहे. येथे 6 हा अंक आहे, अवयव नव्हे. हीच रीत 13/34 ला लावून दोन्हीकडील 3 काढून टाकले, तर पुन्हा 1/4 येते. आणि ते धडधडीत चूक आहे, कारण 13/34 हा अपूर्णांक आधीच संक्षिप्त रूपात आहे. पहिल्या वेळी पूर्ण गुण मिळालेला विद्यार्थी ही रीत खरी मानून पुढच्या वर्गात जातो. त्याची चूक बरोबर उत्तराच्या आड लपून राहते आणि पुढे बीजगणितात पदावलींना संक्षिप्त रूप देताना डोके वर काढते.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. रीत कितीही शुद्ध असली तरी चुकलेल्या उत्तराची किंमत व्यवहारात मोजावी लागते. 1999 मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचे मंगळाकडे पाठविलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झाले. गणनेत एका ठिकाणी ब्रिटिश पद्धतीची आणि दुसऱ्या ठिकाणी मेट्रिक पद्धतीची एकके वापरली गेली, हे त्याचे कारण होते. तेव्हा 'पद्धत कळली की पुरे, उत्तराचे काय एवढे' ही वृत्तीही घातक आहे. उत्तराचे आणि रीतीचे मोल वेगवेगळे करून दोन्ही मोजावयास हवीत, हाच यातील मध्यम मार्ग होय.

एक उदाहरण, तीन उत्तरपत्रिका

हा मार्ग प्रत्यक्षात कसा आणता येतो, हे पाहण्यासाठी चार गुणांचा एक नमुना प्रश्न घेऊ. एका आयताकृती जागेची लांबी रुंदीपेक्षा 7 मीटरने अधिक असून तिचे क्षेत्रफळ 120 चौरस मीटर आहे; तर तिची लांबी व रुंदी काढा. रुंदी क्ष मानल्यास क्ष(क्ष + 7) = 120, म्हणजेच क्ष² + 7क्ष − 120 = 0 हे वर्गसमीकरण मिळते. त्याचे अवयव (क्ष + 15)(क्ष − 8) असे पडतात. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून −15 ही किंमत सोडून द्यावयाची. रुंदी 8 मीटर आणि लांबी 15 मीटर.

या प्रश्नासाठी शिक्षकाने पुढीलप्रमाणे गुणांची वाटणी ठरविली, असे समजू : समीकरण मांडण्यास दीड गुण, अवयव पाडून किंमती काढण्यास एक गुण, ऋण किंमत सकारण नाकारण्यास अर्धा गुण आणि लांबी-रुंदी एककांसह लिहिण्यास एक गुण.

पहिल्या विद्यार्थ्याने सर्व पायऱ्या बरोबर लिहिल्या. त्याला चारही गुण मिळतील. तेथे वादाला जागा नाही.

दुसऱ्याने समीकरण बरोबर मांडले. परंतु अवयव पाडताना चिन्हांची अदलाबदल करून (क्ष − 15)(क्ष + 8) असे लिहिले. त्यावरून रुंदी 15 मीटर आणि लांबी 22 मीटर आली. केवळ उत्तर पाहणारा परीक्षक त्याला शून्य देईल. पायऱ्या पाहणाऱ्यास मात्र दिसेल की, शाब्दिक उदाहरणाचे समीकरणात रूपांतर करण्याचे सर्वांत कठीण काम त्याला साधले आहे. त्याचा दीड गुण पुरा. अवयवांत चिन्ह चुकले, म्हणून तेथे अर्धाच गुण. ऋण किंमत नाकारण्याचे कारण योग्य, म्हणून अर्धा गुण. स्वतःच्या किंमतीवरून लांबी योग्य रीतीने काढली; परंतु 15 आणि 22 यांचा गुणाकार 330 होतो, 120 नव्हे, हा ताळा त्याने पाहिला नाही, म्हणून शेवटच्या गुणापैकी अर्धा. एकूण तीन गुण. चुकीची शिक्षा झाली. परंतु एका चिन्हासाठी साऱ्या उदाहरणाचा बळी गेला नाही.

तिसऱ्याने फक्त '8 मीटर, 15 मीटर' एवढेच लिहिले. हे उत्तर मनात विचार करून काढलेले असेल, अंदाजाने साधलेले असेल किंवा शेजारच्या बाकावरून आलेले असेल. परीक्षकाला ते कळण्याचा मार्ग नाही. वरील वाटणीनुसार त्याला एकच गुण देता येईल. मात्र त्याने 120 चे अवयव जोडीजोडीने मांडून, ज्यांत 7 चा फरक आहे अशी 8 आणि 15 ही एकच जोडी आहे, एवढे दाखविले असते, तर ती रीतही पूर्ण गुणांना पात्र ठरली असती. प्रश्नात 'समीकरणाच्या साहाय्याने' अशी अट नसेल, तर पाठ्यपुस्तकापेक्षा निराळी असलेली बरोबर रीत ही बरोबरच मानावयास हवी.

सर्व चुका सारख्या नसतात

उत्तरपत्रिका तपासताना चुकांची प्रतवारी लक्षात घेणे उपयुक्त ठरते. प्रश्नपत्रिकेतील संख्या उतरवून घेताना झालेली चूक, हातचा विसरल्यामुळे झालेली चूक, एकक लिहिण्याचे राहून जाणे आणि संकल्पनाच न समजणे, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे त्यांच्या वर्गांची बेरीज, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याची चूक शेवटच्या प्रकारची आहे. 3 आणि 4 यांच्या बेरजेचा वर्ग 49 होतो आणि त्यांच्या वर्गांची बेरीज 25 होते, हे दाखविल्यावाचून ती जात नाही. हातचा विसरलेल्यास सावधगिरीची सूचना पुरेशी असते. संकल्पना चुकलेल्यास मात्र पुन्हा शिकविण्याची गरज असते. दोघांच्या पुढ्यात सारखेच शून्य ठेवले, तर हा भेद विद्यार्थ्याला कळत नाही आणि शिक्षकालाही उरत नाही.

पहिल्या पायरीतील चूक पुढच्या प्रत्येक पायरीत उतरत जाते. अशा वेळी गुण एकदाच कापावेत आणि त्यापुढील रीत योग्य असल्यास तिचे गुण द्यावेत, हे तत्त्व अनेक देशांत पाळले जाते. ब्रिटनमधील परीक्षा मंडळांच्या गणिताच्या गुणदान योजनांत रीतीचे गुण आणि अचूकतेचे गुण अशा वेगवेगळ्या खुणाच केलेल्या असतात. ज्या चुकीमुळे उदाहरण मुळापेक्षा फारच सोपे होऊन जाते, तेथे मात्र ही सवलत मर्यादित ठेवावी लागते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कागदावर सूत्र उतरविले, एवढ्यावर गुण वाटले गेले तर पाठांतराला उत्तेजन मिळते. उलटपक्षी, प्रत्येक बारीकसारीक पायरीचा आग्रह धरला तर मनात झटपट हिशेब करणाऱ्या हुशार मुलावर अन्याय होतो. म्हणून वाचणाऱ्याला विचाराचा धागा सापडावा एवढ्या पायऱ्या पुरेशा मानाव्यात आणि सूत्राचे गुण ते सूत्र प्रस्तुत उदाहरणास लागू केल्यावरच द्यावेत, हे हिताचे.

गुणदान योजनेचे महत्त्व

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताच्या दोन भागांच्या प्रत्येकी 40 गुणांच्या लेखी परीक्षा होतात. 2018-19 या शैक्षणिक वर्षापासून लागू झालेल्या आराखड्यात 40 पैकी बहुपर्यायी प्रश्नांना केवळ 4 गुण आहेत. काही प्रश्नांत उदाहरणाची रीत छापलेली असते आणि विद्यार्थ्याने रिकाम्या चौकटी भरून कृती पूर्ण करावयाची असते. उरलेल्या बहुतेक गुणांसाठी विद्यार्थ्याला उदाहरण सोडवून दाखवावे लागते. म्हणजेच या परीक्षेची बांधणीच रीतीला मान देणारी आहे.

परंतु एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी तपासली तर दोघांचे गुण जुळतील का, ही खरी कसोटी होय. त्यासाठी आदर्श उत्तरे आणि पायरीगणिक गुणांची वाटणी आधी ठरवावी लागते. नियामक व मुख्य नियामक यांच्याकडून होणारी फेरतपासणी हा त्याच व्यवस्थेचा भाग आहे. गठ्ठा उघडल्यानंतर मनाशी ठरविलेली वाटणी पहिल्या उत्तरपत्रिकेला एक आणि पन्नासाव्या उत्तरपत्रिकेला दुसरी होण्याचा संभव असतो. थकलेल्या परीक्षकाची नजर सहजच शेवटच्या ओळीकडे वळते. लिखित योजना त्याला पुन्हा पहिल्या ओळीकडे आणते.

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्येही हेच तत्त्व आढळते. तेथे सहा प्रश्न आणि प्रत्येकी 7 गुण, असे एकूण 42 गुण असतात. अपूर्ण राहिलेल्या उत्तरातील अर्थपूर्ण प्रगतीलाही गुण मिळतात. भारत 1989 पासून या स्पर्धेत भाग घेत असून 1996 ची स्पर्धा मुंबईत भरली होती. मुंबईच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र भारतातील ऑलिंपियाड कार्यक्रमाचे संयोजन करते.

बहुपर्यायी परीक्षांचे आव्हान

दहावीनंतर चित्र बदलते. अभियांत्रिकी प्रवेशासाठी होणाऱ्या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचे प्रश्न बहुपर्यायी असतात. तेथे रीत कोणी पाहत नाही. पर्याय बरोबर की चूक एवढेच नोंदले जाते. लक्षावधी उमेदवारांचे निकाल थोड्या काळात आणि परीक्षकाच्या मर्जीवर न सोडता लावावयाचे, तर या पद्धतीची सोय नाकारता येत नाही. तथापि तिची सवय शाळेच्या वर्गात उतरली, तर पर्याय घालून पाहण्याच्या युक्त्या शिकविल्या जातात आणि मांडणी मागे पडते. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी नेमलेल्या गणितविषयक गटानेही, मूल्यमापनाच्या ढोबळ पद्धतींमुळे गणित म्हणजे यांत्रिक आकडेमोड असा समज दृढ होतो, याकडे लक्ष वेधले होते. बहुपर्यायी परीक्षेची तयारी करतानाही वहीत रीत लिहिण्याची सवय सुटू न देणे, हाच त्यावर उपाय आहे.

आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क

रीतीला गुण मिळाले की नाही, हे विद्यार्थ्याला कळणार कसे? या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्राशी जवळून जोडलेला आहे. राज्य मंडळाच्या 1977 च्या विनियमांनुसार पुनर्मूल्यांकनास व उत्तरपत्रिका पाहण्यास मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने या तरतुदी अवैध ठरविल्या. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो निर्णय फिरवून त्या वैध ठरविल्या. परीक्षांच्या प्रचंड व्यापात निकालांना अंतिमता हवी, हा विचार त्यामागे होता. पुढे माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अंमलात आला. 2011 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' असून परीक्षार्थीला ती पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. परीक्षकाची ओळख गुप्त ठेवण्याची काळजीही त्यात घेण्यात आली.

आज राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यास गुणपडताळणीसाठी, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी आणि छायाप्रत घेतल्यानंतर पुनर्मूल्यांकनासाठी विहित मुदतीत अर्ज करता येतो. गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेला भाग पाहिला जातो, तर रीतीच्या गुणांचा विचार पुनर्मूल्यांकनात होतो. हा फरक अनेक पालकांना ठाऊक नसतो. निकालाच्या दिवसांत शाळांनी सूचनाफलकावर आणि पंचायतींनी गावात ही माहिती दिल्यास, विशेषतः ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे अशा मुलांची मोठी सोय होईल.

शाळेत आणि गावात काय करता येईल

परीक्षा मंडळाची असली तरी सवय शाळेतच लागते. महाराष्ट्रात 2010 पासून प्राथमिक स्तरावर लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा हेतूच मुळी मूल कसे शिकते आहे हे वेळोवेळी पाहण्याचा आहे. चाचणीच्या प्रश्नपत्रिकेवर प्रश्नाच्या गुणांबरोबरच पायऱ्यांची वाटणी विद्यार्थ्यांना सांगता येईल. तपासलेली वही परत देताना केवळ फुली न मारता, चूक ज्या ओळीत झाली त्या ओळीखाली रेघ ओढता येईल. 'उत्तराचा ताळा पाहिला' या एका ओळीसाठी अर्धा गुण राखून ठेवला, तर दुसऱ्या विद्यार्थ्याचे 330 चौरस मीटर त्याचे त्यालाच दिसून येईल. कच्चे काम खोडून न टाकता समासाशेजारी नीट ठेवण्याची शिस्तही उपकारक ठरते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी शाळेला भेट देताना निकालाची टक्केवारी विचारण्याबरोबरच गणिताच्या चार वह्या उघडून पाहाव्यात. गणित न शिकलेल्या सदस्यालाही वहीत पायऱ्या आहेत की नुसती उत्तरे, हे सहज दिसते. पालकांनीही 'उत्तर काय आले' यापूर्वी 'कसे आले' हे विचारावे. या एका प्रश्नासाठी शिकवणीचे शुल्क लागत नाही.

आज दहावीच्या बाकावर बसलेला विद्यार्थी उद्या मोजमाप पुस्तकात नोंदी करील, पंचायतीचे अंदाजपत्रक मांडील किंवा औषधाची मात्रा ठरवील. तेव्हा त्याच्या हातून चूक होणारच नाही, अशी हमी कोणतीही परीक्षा देऊ शकत नाही. परंतु त्याने पायऱ्या लिहून ठेवलेल्या असतील, तर ती चूक वेळीच सापडेल आणि दुरुस्त करता येईल. हातचा विसरणाऱ्या मुलाच्या बरोबर रीतीला आज दिलेला दीड गुण त्या सवयीसाठी असतो.